आतून लावायची कडी

केलेपी मास्तरांच्या कानात एक आवाज त्रेचाळीस वर्षं मुक्कामाला होता. पडद्यामागून आलेला, दमलेला, भिजलेल्या दोरीसारखा सैल पडलेला एका परक्या माणसाचा आवाज. शब्द त्यांना आठवत नसत. कारण ते इंग्रजी होते, आणि मास्तर त्या वेळी मास्तर नव्हते, पाच वर्षांचे उघडेवाघडे केलेपी होते. चाल मात्र पाठ होती. आधी जरा वर चढलेली, मग हळूच खाली उतरलेली. भरती यावी आणि किनाऱ्याला पुरती टेकायच्या आत ओहोटीला लागावी, तशी.

घरात इंग्रजी येई ते एकट्या फुसीअक्काला. तिचं वय अकरा. आईनं तिला पडद्याकडं ढकललं, "जा, विचार, काय म्हणतोय पाहुणा." अक्का गेली, ऐकून आली आणि चटईची एक सुटलेली काडी अंगठ्यानं उसवत उभी राहिली.

"अगं बोल की! तोंडात काय अळकुडी कोंबलीय?"

"तो म्हणतोय," अक्का म्हणाली, "त्याला एकटं एकटं वाटतंय."

आईनं कपाळावर हात मारून घेतला. पाहुणा, तोही शाळेत फुकट शिकवायला समुद्र ओलांडून आलेला, आणि त्याला आपल्या घरात एकटं वाटावं! त्या दिवसापर्यंत हॅलोरन सरांभोवती सात माणसं झोपत होती, ती चौदा झाली. ते जेवत असताना नऊ जण त्यांच्या तोंडाकडं बघत बसत, ते वीस जण बसू लागले. एकोणिसाव्या दिवशी हॅलोरन सर खोबऱ्याच्या बोटीत चढले ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. आणि लोतोहेलु गावानं त्या घराला नाव ठेवलं: पाहुणा पळालेलं घर.

पुढं घराचं छप्पर दोनदा बदललं. एकदा वादळानं आणि एकदा मास्तरांनी. नाव काही बदललं नाही.

केलेपी मोठे होऊन गावच्याच शाळेचे हेडमास्तर झाले. शाळेची मुलं गणितात सगळ्या बेटाला भारी आणि इंग्रजीत अगदीच रडकी. सहावीनंतर मोठ्या शाळेची प्रवेशपरीक्षा इंग्रजीतून. दरवर्षी मुलं हसत पेपराला जात आणि येताना मासे न मिळालेल्या होडीसारखी परत येत. इंग्रजी बोलणारं एक जिवंत माणूस वर्षभर वर्गात हिंडलं, तर चित्र पालटेल असं मास्तरांना वाटे. म्हणून बेटाच्या रीतीप्रमाणं कमरेला समारंभाची चटई गुंडाळून ते राजधानीच्या कचेरीत सात वेळा गेले. बोट लागून एकदा ओकत आणि सहा वेळा न ओकता. सातव्या खेपेला कारकुनानं एक तपकिरी फाइल काढली. वाळवीनं तिच्यातलं सगळं काही खाल्लं होतं आणि नेमकी एक ओळ ठेवली होती: 'स्वयंसेवक एकोणिसाव्या दिवशी परत. कारण दिलेले नाही.'

"मास्तर, जुना शेरा आहे."

"अहो, त्रेचाळीस वर्षं झाली त्याला!"

"शेरा म्हातारा होत नसतो," कारकून म्हणाला. "या खेपेला देतो एक मुलगी. पण ही वर्ष पुरं व्हायच्या आत परतली, तर लोतोहेलुचं नाव यादीतून कायमचं गेलं असं समजा."

मास्तर त्या खेपेला परतताना पुन्हा ओकले. आनंदानं की भीतीनं, हे त्यांनी लुसेआनेलाही, म्हणजे बायकोलाही, सांगितलं नाही.

ती मुलगी म्हणजे टॅमसिन. वय वीस. न्यूझीलंडच्या अगदी दक्षिणेकडची, जिथं म्हणे मेंढ्या माणसांपेक्षा जास्त आणि दोन्ही जाती कमी बोलतात. गावानं तिचं नाव जिभेवर घोळवून गोल केलं: तामिसिनी. पोरगी गुणाची होती. वर्गात उभी राहिली की खिडकीत डुकरंसुद्धा थांबत. आठ दिवसांत सहावीची पोरं एकमेकांना इंग्रजीत शिव्या देऊ लागली. मास्तरांना वाटलं, झालं, जिंकलं!

घरी पाहुणचाराची सूत्रं लुसेआनेकडं. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "अहो, तिच्या खोलीत झोपायला पाच मुली पुरतील का?"

"सध्या पाच. लागल्या तर वाढवू."

चर्चच्या गायनातल्या पाच धडधाकट मुली निवडण्यात आल्या. त्या टॅमसिनच्या दोन्ही अंगांना आणि पायथ्याशी झोपत. तिनं कूस बदलली की पाचही जणी कूस बदलत. ती परसाकडं निघाली की दोघी पुढं, दोघी मागं आणि एक दाराशी गाणं म्हणत उभी, म्हणजे आतल्या माणसाला भीती वाटू नये. ती समुद्रावर फिरायला निघाली की मागं तीस मुलं. ती दगडावर बसली की तीसही मुलं आजूबाजूच्या दगडांवर. आणि ती पुस्तक उघडून बसली की लुसेआनेचा जीव कासावीस होई. पुस्तक म्हणजे शेवटी काय? बोलायला माणूस नाही, म्हणून बापडी कागदाशी बोलते. लुसेआने हातातलं काम टाकून तिच्याजवळ जाऊन बसे आणि जेवणाबद्दल विचारी.

"पोटभर झालं ना गं?"

"हो, खूप झालं."

"म्हणजे नाही झालं," लुसेआने म्हणे आणि अळूच्या पानात नारळाच्या दुधाबरोबर भाजलेलं मांस पुन्हा तिच्या पुढ्यात येई.

बाराव्या दिवशी शाळा सुटल्यावर टॅमसिन मास्तरांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. डोळ्यांखाली काळं आलेलं.

"सर, तुम्ही सगळी माणसं इतकी चांगली आहात..." ती म्हणाली. मग थांबली. मग हळूच म्हणाली, "फक्त, माझ्या खोलीला एखादी कडी मिळेल का?"

मास्तरांच्या अंगावर काटा आला. कडीनं नव्हे. चालीनं. आधी जरा वर चढलेली, मग हळूच खाली उतरलेली. तीच ती! पोरीला एकटं वाटतंय. बारा दिवस झाले. एकोणिसाला सात बाकी.

"कडी? एवढंच ना?" ते म्हणाले. "उद्या बसते."

आता या उद्याची हकीगत.

कडी बसवायची तर दार हवं, आणि टॅमसिनच्या खोलीला दार नव्हतं, फुलाफुलांचा पडदा होता. घराला पुढचं दार होतं, पण ते कधी कुणी लावल्याचं ऐकिवात नव्हतं. त्याच्यामागं एक कोंबडी पिढ्यान्‌पिढ्या अंडी घालत आली होती. म्हणजे नवं दार करणं आलं. गावात सुतार एकच, पेनी. तो चर्चची बाकं आणि शवपेट्या यांखेरीज काही करत नसे. त्यानं येऊन चौकटीचं माप घेतलं, मग टॅमसिनला आपादमस्तक न्याहाळलं आणि सवयीनं तिचंही घेतलं.

"बाई उंच आहे," तो हळहळून म्हणाला. "लाकूड कुठनं आणू? बोटीनं यायला महिना."

ही बातमी उहिलाआजोबांच्या कानी गेली. आजोबा ब्याऐंशी वर्षांचे. त्यांनी स्वतःच्या पेटीसाठी पाच उत्तम फळ्या अकरा वर्षं माळ्यावर जपून ठेवल्या होत्या. दर ख्रिसमसला त्यांना खोबरेल तेल लावत. ते काठी टेकत आले.

"माझ्या घे," ते म्हणाले. "मी कुठं लगेच निघालोय? तोवर पोरीच्या कामी येऊ देत."

"पण आजोबा, तुम्हाला लागल्या तर?"

"लागल्या तर कडी काढून मला आत ठेव. दार म्हणजे काय नि पेटी म्हणजे काय, बाबा? एक उभी, एक आडवी."

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी आजोबांचे हात धरले. ही चूक झाली, कारण त्या दिवसापासून आजोबा रोज सकाळी फळ्यांची विचारपूस करायला येऊन टॅमसिनच्या खोलीसमोर बसू लागले. पेनी रंधा फिरवत असला की म्हणत, "हळू रे, खांद्याशी तासू नकोस, मी रुंद आहे."

इकडं गाव-अधिकारी विलिसोनीला कडीचा वास लागला. विलिसोनीला आयुष्यात दोनच गोष्टी प्रिय: कावा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं बेटावरचं सुस्तावणारं पेय, पिणं आणि सभा भरवणं. दोन्ही एकाच चटईवर होत असल्यामुळं तो सुखी होता. त्यानं मास्तरांना बोलावून घेतलं.

"मास्तर, ही कडी कुणाविरुद्ध?"

"कुणाविरुद्ध कशाला? दाराला आहे."

"कडी ही कुणाच्या तरी विरुद्धच असते. गावात चोर आहे का?"

"नाही."

"मग गावात लोचट आहे का?"

"छे, छे!"

"म्हणजे आहे," विलिसोनी म्हणाला आणि त्यानं सभा भरवली.

सभा तीन तास चालली. कुणाचंच नाव निघेना, तेव्हा सगळ्याच बिनलग्नाच्या पुरुषांवर संशय ठेवण्याचं सर्वानुमते ठरलं. त्यात बासष्ट वर्षांचा एक विधुरही आला. त्यानं मान खाली घातली, पण त्याच्या चेहऱ्यावर समाधान लपेना. ठराव झाला की इथून पुढं कुणाही बिनलग्नाच्या पुरुषानं मास्तरांच्या घरासमोरून मुकाट्यानं जायचं नाही. मोठ्यानं गात जायचं, म्हणजे तो कुठं आहे हे घरच्यांना कळत राहील.

गावात बिनलग्नाचे एकतीस. मळ्याला जायची वाट घरासमोरून. पहाटे पाचापासून भजनं सुरू होत. रविवारी पाद्रीबाबांनी बंद दारं आणि बंद काळजं या विषयावर असं काही प्रवचन केलं, की गावातल्या सगळ्या बायका रडत रडत मास्तरांच्या घरी आल्या आणि टॅमसिनशी बोलत दिवेलागणीपर्यंत बसल्या.

एकोणिसावा दिवस आला आणि गेला. टॅमसिन गेली नाही. मास्तरांनी कोंबडी कापली. (दारामागची नव्हे.)

कडी राजधानीहून यायची होती. तिथल्या दुकानदाराला पत्र गेलं, उत्तर आलं की कोणत्या मापाची. माप गेलं, उत्तर आलं की कोणत्या रंगाची. सातव्या आठवड्यात पेनीचा संयम सुटला. "कडी ती कडी! आहे माझ्याकडं," तो म्हणाला आणि आपल्या डुकरांच्या खुराड्याची भरभक्कम लोखंडी कडी काढून घेऊन आला. तासाभरात काम झालं. दार उभं राहिलं. गुळगुळीत, तेल प्यायलेलं, सोनेरी. चर्चला शोभावं असं. सगळ्या घरानं टाळ्या वाजवल्या. आजोबांनी त्याच्यावर गाल टेकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची घंटा झाली, मुलं ओळीत उभी राहिली आणि बाई नाहीत. मास्तर धावत घरी आले. खोलीतून धडाधडा आवाज येत होता.

"तामिसिनी! आत काय झालं?"

"सर, कडी," आतून थकलेला आवाज आला. "कडी बाहेरून आहे."

होतीच. पेनीनं आयुष्यात कडी बसवली होती ती फक्त खुराड्याला, आणि खुराड्याची कडी बाहेरूनच असते. आतल्या जिवाला कडी लावायची इच्छा होईल हे त्याला कोण सांगणार? पहाटे आजोबा फळ्या बघायला आले होते. पोरीची झोप कुणी मोडू नये म्हणून त्यांनी प्रेमानं कडी सरकवली होती आणि ते घरी जाऊन झोपले होते. आत टॅमसिन आणि पाच मुली. पाचही जणींनी तिला धीर द्यायला सगळी स्तोत्रं चारी आवाजांत म्हणून संपवली होती, त्यामुळं घरच्यांना ती धडधड म्हणजे ताल वाटला होता.

कडी उघडली. टॅमसिन बाहेर आली. सरळ शाळेत गेली. त्या दिवशी पोरांनी गाणं रचलं:

फळी आजोबांची, कडी डुकराची,
दाराआड बाई आमची न्यूझीलंडची!

चाल चांगली होती. बिनलग्नाच्या एकतिसांनी ती लगेच उचलली.

मास्तरांची मान खाली गेली. सगळ्या बेटाला गणितात भारी पोरं घडवणारा माणूस, आणि एक कडी धड बसवता येईना! त्यांनी पेनीला बजावलं, "सोमवारी पहिलं काम. कडी आत." आणि सोमवार येण्याआधी रविवार आला. रविवारी फुसीअक्का आली.

अक्का गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत असे. ती आणि मास्तर गेली पस्तीस वर्षं एका छपराखाली बसले नव्हते. भांडण नव्हे, बेटावरची मर्यादा. जाणत्या वयाची बहीण पुढनं आली की भाऊ मागनं निघतो. दोघांमधलं बोलणं भावजयीच्या तोंडून होतं. आणि भावाच्या घरातलं जे बहिणीच्या मनात भरेल ते बहिणीचं. अशा बहिणीनं, म्हणजे घरातल्या आत्यानं, एखाद्या वस्तूला नुसतं 'छान आहे' म्हटलं की ती वस्तू स्वतःहून चपला घालते. यात वाईट वाटून घ्यायचं नसतं. मास्तरांचं शिवणयंत्र, दोन डुकरं आणि एक घड्याळ असंच गेलं होतं, आणि त्यांनी वाईट वाटून घेतलं नव्हतं. घड्याळाचं थोडंसं.

जेवण झाल्यावर अक्का टॅमसिनच्या खोलीसमोर बराच वेळ उभी राहिली. दार लावलं. उघडलं. पुन्हा लावलं. मग म्हणाली, "वहिनी, दार छान आहे हो."

लुसेआनेच्या हातातली थाळी खाली पडली.

सोमवारी सकाळी अक्काचे दोन जावई आले आणि दार घेऊन गेले. कडीसकट. उहिलाआजोबा काठी टेकत त्यांच्यामागं चालत अक्काच्या घरापर्यंत पोचवून आले.

"अहो, काही तरी बोला," लुसेआने म्हणाली.

"काय बोलू? कुणाला बोलू? ती अक्का आहे."

"वन्सं आहेत हे मलाही माहीत आहे. पण त्या पोरीचं तोंड बघा."

मास्तरांनी बघितलं. टॅमसिन रिकाम्या चौकटीत उभी होती. हसत नव्हती, रडत नव्हती. फुलाफुलांचा जुना पडदा हातात धरून तिनं अगदी अदबीनं विचारलं, "सर, शुक्रवारची बोट किती वाजता सुटते?"

तिनंच मग सांगितलं: मुलं आवडतात, तुम्ही सगळे आवडता, पण सात आठवडे झाले, मला झोपच नाही, मला घरी जायचंय. बोलताना तिचा आवाज आधी जरा वर चढला, मग हळूच उतरला.

ते चार दिवस मास्तरांनी त्यांच्या आईनं केलं होतं तेच केलं. पाचाच्या नऊ मुली केल्या. गायनमंडळाला खिडकीखाली बसवलं. आजोबांना म्हणाले, तिच्याजवळच बसा. लुसेआनेनं नीरफणस भाजले, उकडले, पुन्हा भाजले. टॅमसिन सगळ्यांना हसून धन्यवाद देत होती आणि एकेक सदरा घडी करून पिशवीत ठेवत होती. पिशवी भरत गेली. सहावीची पोरं वर्गात गप्प बसू लागली, आणि लोतोहेलुची पोरं गप्प बसली म्हणजे काही तरी फार बिघडलंय.

शुक्रवार उजाडला. बोट बाराला. ओटीवर टॅमसिनची पिशवी, पिशवीशेजारी टॅमसिन, गळ्यात कानापर्यंत फुलांच्या माळा. भोवती सगळं गाव. ज्याच्या त्याच्या डोळ्यांना पाणी. विलिसोनीनं भाषणाचा कागद काढला होता. मास्तर खांबाला टेकून उभे होते आणि मनात यादीतलं एक नाव खोडलं जाताना बघत होते. पाहुणा पळालेलं घर. आता पाहुणीही.

तेवढ्यात वाटेच्या टोकाला मिरवणूक दिसली. पुढं फुसीअक्का. मागं खांद्यावर दार घेतलेले दोन जावई. त्यांच्यामागं गंभीर चेहऱ्यानं उहिलाआजोबा. लोकांनी आपोआप टोप्या काढल्या. आपल्याच फळ्यांमागून चालत आलेला असा दुसरा माणूस त्या बेटावर झाला नसेल.

रीतीप्रमाणं मास्तर ओटी उतरून घरामागं निघाले.

"वहिनी," अक्का लुसेआनेला म्हणाली, "त्याला म्हणावं, थांब. आणि पेनीला म्हणावं, दार बसव. कडी आतून."

पेनीनं दार बसवलं. कडी आतून. गाव श्वास रोखून बघत होतं. अक्का मग टॅमसिनपाशी आली, तिच्या गालावरून हात फिरवला आणि पिशवी उचलून म्हणाली, "पिशवीही छान आहे."

भावाच्या घरातली वस्तू. पिशवी आता अक्काची होती. ती घेऊन अक्का खोलीत गेली. दार लागलं. आणि आतून खट्ट असा आवाज झाला. लोतोहेलुच्या इतिहासात आतून कडी लागल्याचा तो पहिला आवाज.

"वहिनी," आतून हाक आली, "ओटीवर कोण कोण आहे?"

"सगळं गाव आहे, वन्सं."

"गावाला म्हणावं, घरी जा."

गाव गेलं. नाइलाजानं, मागं वळून वळून, विलिसोनी भाषणाच्या कागदासकट. आजोबांना दोघांनी धरून नेलं. ओटीवर तिघंच उरली.

"आता त्याला म्हणावं, दाराजवळ ये."

"अहो वन्सं, पण तुम्ही दोघं..."

"एका खोलीत कुठं आहोत? मध्ये दार आहे."

मास्तर दाराजवळ गेले. लाकडाला खोबरेलाचा वास येत होता. पस्तीस वर्षांत बहिणीचा आवाज इतक्या जवळून त्यांनी ऐकला नव्हता.

"केलेपी, मी दार नेलं म्हणून तुला राग आला. येऊ दे. माझ्या घरात सतरा माणसं आहेत. जन्मात मी कधी दाराआड बसले नव्हते. मंगळवारी दुपारी नुसतं लोटून घेतलं नि झोपले. बुधवारी नुसतीच बसले, भिंतीकडं बघत. काय सांगू तुला, किती गोड लागलं ते! काल दुपारी सून बाहेरून दार वाजवायला लागली, 'आई, काय होतंय? एकटं वाटतंय का तुम्हाला?' आणि मला रडूच फुटलं. मला तो हॅलोरन आठवला."

मास्तरांनी दारावर हात टेकला.

"त्याला एकटं वाटत नव्हतं रे. मी खोटं सांगितलं."

"का अक्का?" हे त्यांच्या तोंडून थेट निघून गेलं. भावजयीच्या तोंडून जायला थांबलंच नाही.

"अकरा वर्षांची होते मी. पाहुणा म्हणतोय 'जा', असं सांगितलं असतं, तर आईनं आधी मला बदडलं असतं आणि मग महिनाभर अन्न गोड लागलं नसतं तिला. मला वाटलं, जरा मऊ करून सांगावं. मी मऊ केलं आणि तो गेला. मग घराला नाव पडलं. तू ते नाव घेऊन वाढलास. दर वेळी वाटायचं, आज सांगू. पण तू मागल्या दारानं निघून जायचास."

धक्क्याकडून बोटीचा भोंगा ऐकू आला. लांब, जाड, नारळीच्या झावळ्या हलवणारा. टॅमसिननं एकदा समुद्राकडं बघितलं, एकदा दाराकडं. सात आठवड्यांत तिला एवढी भाषा आली होती.

"सर," ती म्हणाली, "माझी पिशवी आत आहे."

"हो."

"आणि कडी आतून आहे."

"हो, या खेपेला आतूनच आहे."

"मग ही बोट काही मला मिळणार नाही," टॅमसिन म्हणाली. तिनं गळ्यातल्या माळा एकेक करून काढल्या, पायरीवर बसली आणि नाक पुसत विचारलं, "आत्याबाईंचं झाल्यावर मी बसू आत? रोज एक तास? एकटी?"

लुसेआनेनं तोंड उघडलं. ती विचारणार होती, पोट भरलं का. तिनं तोंड मिटलं, हे काही थोडं नव्हे, आणि मान हलवली.

मास्तरांचं लक्ष तिकडं नव्हतं. ते दाराला कान लावून उभे होते, पाच वर्षांचे.

"अक्का, तो नेमकं काय म्हणाला होता? शब्द सांग. मला चालच तेवढी ठाऊक आहे."

मग अक्का बोलली, अगदी त्याच चालीत. आधी जरा वर चढलेली, मग हळूच खाली उतरलेली.

"तो म्हणाला होता, 'तुम्ही सगळी माणसं सोन्यासारखी आहात. फक्त घटकाभर मला एकट्याला बसू द्या. मग मी बाहेर येतो, आणि आपण सगळे मिळून जेवू.'"